बाबांचं कर्ज आणि तुझं प्राग

पत्र:

नमस्कार ताई,
मी 24 वर्षांची आहे. घर कोल्हापूरला, बाबांचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. मी जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतेय, दुसरं सेमिस्टर संपत आलंय. राहतं घर तारण ठेवून बाबांनी 22 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलंय. शनिवार-रविवार मी बेकरीत काम करते, त्यातले 1,600 युरो साठवलेत.

एप्रिलमध्ये दोन मैत्रिणींबरोबर दोन दिवस प्रागला जाऊन आले. घरी सांगितलं नव्हतं. मैत्रिणीने टाकलेला फोटो आत्याच्या मुलाने पाहिला आणि नातेवाइकांकडच्या वास्तुशांतीला आत्या सगळ्यांसमोर बाबांना म्हणाली, "पोरगी शिकायला पाठवलीस की फिरायला?" बाबा मला काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून फोनवर "जेवलीस का, बरी आहेस ना" याच्यापुढे गाडी जात नाही.

आता परीक्षा झाल्यावर मैत्रिणींचा 16 दिवसांत 10 देश बघायचा बेत ठरतोय. माझा वाटा 1,400 युरो. मला जायचंय, खूप जायचंय. पण तिकिटांच्या पानावर गेलं की बाबांचा चेहरा समोर येतो. मी जाऊ का?

— एक मुलगी, ड्रेस्डेन

प्रिय मुली,

जा. आधी हे स्पष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं तू धडधडत्या छातीने वाचणार नाहीस. पण सोळा दिवसांत दहा देश करू नकोस. आणि तिकीट काढायच्या आधी बाबांना फोन कर.

माझं थोडं सांगते. मी 2004 ते 2006 लाइपझिगला होते, तुझ्यापासून जेमतेम दीड तासावर. माझ्या शिक्षणाला मामाने पैसे दिले होते आणि त्या पैशांचं ओझं मी दोन वर्षं डोक्यावरून खाली ठेवलं नाही. खोली, वाचनालय, एका हॉटेलात भांडी घासायचं काम, परत खोली. एकदा बर्लिनला गेले, तेही कागदपत्रांच्या कामाला. परत आले तेव्हा माझे वडील, जे जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे, जुना नकाशासंग्रह मांडीवर घेऊन बसले आणि पहिला प्रश्न विचारला, "डॅन्यूब पाहिलीस का गं?" त्यांनी आयुष्यभर फळ्यावर ती नदी काढली होती, दहा देशांमधून वाहणारी. मी म्हटलं, "नाही बाबा, पैसे वाचवले." ते "बरं केलंस" म्हणाले आणि नकाशा मिटवला. ती मान खाली घालून नकाशा मिटवण्याची कृती मला अजून दिसते. मी पैसे वाचवले होते हे खरं. पण मला तिथे पाठवताना त्यांनाही काहीतरी बघायचं होतं, माझ्या डोळ्यांनी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तुझे बाबा तसेच असतील असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं: बाबा मला काही बोलले नाहीत. तुला वाटतंय की ते तुझ्या प्रागला जाण्यावर रागावलेत. मला वाटतं, चारचौघांत बहिणीने विचारलं तेव्हा त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हतं, आणि ते त्यांना लागलं. तू प्रागला गेलीस यात काहीही चूक नाही. न सांगता गेलीस, तिथे चुकलं. ते दुरुस्त करता येतं, आणि ते तूच करायला हवं. आत्याला उत्तर देत बसू नकोस, ते तुझं काम नाही. बाबांना सगळं माहीत असलं की ते स्वतःच देतील.

फोन करशील तेव्हा "सॉरी" म्हणून विषय संपवू नकोस. प्रागला किती खर्च आला ते आकड्यात सांग. बस की रेल्वे, कुठे राहिलीस, काय खाल्लंस, सांग. दुकान चालवणाऱ्या माणसाला हिशेबाची भाषा कळते आणि हिशेब समोर ठेवणाऱ्यावर तो विश्वास ठेवतो. मग नव्या प्रवासाचं सांग. परवानगी मागितल्यासारखं नको, तू 24 वर्षांची आहेस, स्वतः कमावतेस. ज्यांचं घर तारण आहे त्यांना माहिती असावी, म्हणून सांग.

आता तो हिशेबच करू. 22 लाखांवर दहा टक्के व्याज धरलं तर महिन्याला अठरा हजार रुपयांच्या वर जातात, म्हणजे साधारण 180 युरो. तुझा नेमका दर कर्जाच्या कागदावर बघून घे. शिकत असताना हप्ता भरायचा नसला तरी व्याज साचत असतं, आणि पुढे ते मुद्दलाच्या डोक्यावर बसतं. म्हणजे सोळा दिवसांचे 1,400 युरो हे जवळजवळ आठ महिन्यांचं व्याज आहे. तुला घाबरवायला हे सांगत नाहीये. ही रक्कम बाबांच्या नजरेने कशी दिसते ते एकदा तूही बघ, एवढ्यासाठीच.

तुझ्याकडे दोन प्रकारचे युरो आहेत. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, दर महिन्याला जे सुटतात (सध्याच्या नियमाने 992), ते कर्जाचे आहेत. त्यातून भाडं, विमा, जेवण, पुस्तकं. त्यातला एकही प्रवासाला काढू नकोस. बेकरीतले युरो तुझे. त्यांच्यापुरता माझा सल्ला असा, की जेवढे फिरायला खर्च करशील तेवढेच व्याजापोटी घरी पाठव. 1,600 आहेत ना? मग 800 बाबांच्या कर्जखात्यात आणि 800 तुझ्या पाठीवरच्या पिशवीत. पैसे आधी पाठव, तिकीट मग काढ. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रवासाहून परत आल्यावर पाठवायला काही उरत नाही. त्या 800 युरोंनी बाबांचं कर्ज फिटणार नाही हे मलाही कळतं. पण बँकेच्या मेसेजमध्ये तुझ्या नावाने जमा झालेली रक्कम त्यांनी वाचली, तर घरातली हवा बदलेल.

प्रवासासाठी जादा तास काम करायचा मोह होईल, म्हणून सांगते: बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांना जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. ही मर्यादा ओलांडायची नाही आणि रोखीत, नोंद न करता काम देणाऱ्याकडे जायचं नाही. निवास परवाना धोक्यात आला तर सगळंच गेलं.

आता तुमच्या बेताबद्दल. सोळा दिवसांत दहा देश म्हणजे दर दीड दिवसाला पिशवी भरणं. तुम्ही बघाल ती स्थानकं, वसतिगृहांच्या जिन्याच्या पायऱ्या आणि फोनची बॅटरी. मी अशा मुलामुलींशी बोलले आहे. त्यांना व्हेनिसमधलं काय आठवतं विचारलं तर लॉकर शोधत फिरल्याचं आठवतं. देश मोजायची ही सवय मला अजिबात आवडत नाही, आणि कर्ज काढून शिकणाऱ्या मुलीला तर ती परवडतही नाही, कारण खर्च होतो तो जागा बदलण्यातच. एका शहरात तीन रात्री राहिलं की त्या खर्चात तीन दिवस मिळतात.

शिवाय तू जिथे राहतेस ते किती पाहिलंयस? तुझ्या सेमिस्टर फीमध्ये डॉइचलँड-तिकीट असेल तर सगळ्या प्रादेशिक गाड्या आणि शहरातल्या ट्राम-बस तुला देशभर मोकळ्या आहेत, फक्त आयसीई-आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या गाड्या सोडून. बेकरीतला एक रविवार बदलून घे. एस-1 ही लोकल पकडून कुरोर्ट राटेनला उतर, छोट्या होडीने एल्बे ओलांड आणि बास्टायच्या कड्यावर चढ, नदीपासून जवळजवळ दोनशे मीटर उंच. सह्याद्रीत वाढलेल्या मुलीला तो कडा ओळखीचा वाटेल, फक्त दगड काळा नाही, वालुकाश्म आहे. दुसऱ्या एखाद्या दिवशी गोर्लिट्झला जा. हे गाव दुसऱ्या महायुद्धानंतर नदीने दोन देशांत वाटलं गेलं. जुन्या गावातल्या पायी पुलावरून नाइसे नदी ओलांडलीस की तू पोलंडमध्ये. पलीकडे बसून गरमागरम पिएरोगी, म्हणजे तिथल्या सारण भरलेल्या करंज्या, खा आणि चालत परत ये. दोन देशांमधली सीमा पायांनी ओलांडण्यात जे आहे ते विमानात बसून कळत नाही. लाइपझिगला थॉमसकिर्श या चर्चमध्ये, जिथे संगीतकार बाख 1723 पासून 1750 मध्ये जाईपर्यंत संगीतप्रमुख होता, मुलांचं गायकवृंद शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी गातं. शाळेच्या सुट्टीत नसतं, तेवढं बघून जा. तिकीट चहा-पावाइतकं. मी दोन वर्षं त्या गावात राहून तिथे एकदाच गेले, शेवटच्या आठवड्यात.

आणि ड्रेस्डेनमध्येच, फ्राउएनकिर्शच्या भिंतीत जे काळे दगड मधेमधे दिसतात ते फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बवर्षावात कोसळलेल्या जुन्या चर्चचे आहेत. ढिगाऱ्यातून वेचून, जिथले तिथे बसवत ते चर्च पुन्हा उभं केलं आणि 2005 साली उघडलं. बाबांना व्हिडिओवर ते दाखव. दगड-विटा आणि बांधकाम कळणारा माणूस त्यावर तुला दहा प्रश्न विचारेल.

मोठ्या प्रवासासाठी मी तुला एक वाट सुचवते: प्राग, व्हिएन्ना, फ्लॉरेन्स. दहा-अकरा दिवस. प्राग तुला रस्त्यातच लागतं, आणि यावेळी ते घरी सांगून बघशील, म्हणून एक रात्र तिथे राहाच. पुढे व्हिएन्ना रेल्वेने चारेक तासांवर. तिथे तीन-चार रात्री. ऑपेरागृहात उभं राहून ऐकायची स्वस्त तिकिटं मिळतात, त्यासाठी वेळेआधी रांग लाव. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांचा हंगाम सुरू झाला आहे ना ते बघून घे. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, बाटली विकत घेऊ नकोस. आणि यू-1 मेट्रोने दोनाउइन्झलला उतर. शहराच्या मधोमध जो पाण्याचा पट्टा दिसतो तो कालवा आहे, खरी डॅन्यूब इथे आहे, एकवीस किलोमीटर लांबीच्या बेटाला कवेत घेऊन वाहणारी. तिथे एक संध्याकाळ बस. माझ्यासाठी म्हणून बस.

व्हिएन्नाहून रोमकडे जाणारी रात्रीची गाडी फ्लॉरेन्सला थांबते. एका रात्रीचं खोलीचं भाडं वाचतं, पण महिना-दीड महिना आधी तिकीट काढलं तरच. उशीर केलास तर तीच गाडी महाग पडेल.

आता फ्लॉरेन्सच का? तू कोल्हापूरची आहेस म्हणून. गावाच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठी कास्चिने नावाचं लांबलचक उद्यान आहे. त्याच्या पार टोकाला, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो, तिथे एका छत्रीखाली एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. 1870 साली ते इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले होते. तो आटोपून युरोपातून परत येताना आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय फक्त वीस. त्या शहराला दहन नवखं होतं. परवानगी मिळवून बरोबरच्या लोकांनी त्यांना नदीच्या संगमावर अग्नी दिला, कारण आपल्याकडे तो संगमावर देतात. 1874 मध्ये तिथे स्मारक उभं राहिलं. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला आजही 'इंडियानो' म्हणतात, शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही तेच. प्रवासात महाराज रोजनिशी लिहीत होते, ती 1872 मध्ये लंडनला छापली गेली. तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेला कोल्हापूरचा मुलगा दीडशे वर्षांपूर्वी युरोप बघत होता आणि दिवसाचं लिहून ठेवत होता. तूही एक वही घे. फोटो असतातच, पण कुठे काय खाल्लं, किती पैसे गेले, कोण काय बोललं हे फोटोत राहत नाही.

तुझ्या मैत्रिणींना हे सगळं पटेलच असं नाही. त्यांनी पॅरिस-बार्सिलोनाला जायचं ठरवलं तर जाऊ देत. दोन-चार दिवस एकत्र फिरून पुढे वेगळ्या व्हा, त्यात भांडण्यासारखं काही नाही. एकटीने फिरायची भीती वाटली तर फक्त मुलींची खोली असलेली वसतिगृहं निवड आणि नव्या गावात उजेडी पोच. पॅरिस हातचं जात नाही. तिथल्या लूव्र संग्रहालयात 26 वर्षांखालच्या, युरोपात राहणाऱ्यांना प्रवेश मोफत आहे. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, तुझं जर्मन निवास कार्ड पुरतं. अजून वर्षाहून जास्त वेळ आहे तुझ्या हातात.

कागदांचं मात्र नीट ऐक. पासपोर्ट आणि निवास कार्ड दोन्ही मूळ प्रती बरोबर ठेवायच्या, फोनमधला फोटो चालत नाही. जर्मनीने 2024 च्या सप्टेंबरपासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे, प्रागच्या गाडीत पोलीस चढतात. तुझ्या कार्डावर तुला इतर शेंगेन देशांमध्ये (एकाच सामायिक व्हिसाचे युरोपीय देश) कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, म्हणून वेगळा व्हिसा नको. पण लंडनला मावशी असली तरी ब्रिटन त्यात नाही, आयर्लंडही नाही. कार्डाची मुदत संपत आली असेल आणि नूतनीकरणाचा नुसता कागद हातात असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात लेखी विचारल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकू नकोस.

आरोग्य विमा सरकारी पद्धतीचा असेल तर विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं. ते ऑस्ट्रिया, चेक प्रजासत्ताक, इटलीत चालतं. डेन्मार्क, नॉर्वे, स्वित्झर्लंड अशा काही देशांत मात्र आपल्यासारख्या बिगर-युरोपीय नागरिकांना त्याचा उपयोग होत नाही. तिकडे जाशील तेव्हा प्रवास विमा वेगळा घे, काही युरोंचं काम आहे.

स्वस्त विमानाचं तिकीट बघून भुलू नकोस. 'पॅरिस' म्हणून विकला जाणारा बोव्हेचा विमानतळ पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरच्या वर आहे, आणि बॅगेचे पैसे वेगळे. रेल्वे पासचा विचार केलास तर तू युरोपात राहतेस म्हणून तुला इंटररेल मिळतो, युरेल नाही. 27 वर्षांपर्यंत तरुणांचा दर लागतो. पण तीन-चारच प्रवास असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात, आणि रात्रीच्या गाडीला पास असला तरी आरक्षणाचे पैसे भरावेच लागतात. दोन्ही बेरजा करून बघ. जर्मनीत गाडीला तासाभराहून जास्त उशीर झाला तर तिकिटाचे पंचवीस टक्के परत मिळतात, दोन तासांहून जास्त झाला तर पन्नास. आपली मुलं ते मागायचं विसरतात, तू मागून घे. प्रागला पैसे काढताना किंवा कार्ड घासताना यंत्र विचारेल, युरोत घेऊ की कोरुनात? नेहमी तिथलं चलन निवड, नाहीतर मशीनवाल्याचा महागडा दर लागतो.

वसतिगृह निवडताना स्वयंपाकघर आहे का ते आधी बघ. सुपरमार्केटमधून तांदूळ, टोमॅटो, अंडी आणि घरून आलेल्या कांदा-लसूण मसाल्याची पुडी, एवढ्यावर तिघींचं रात्रीचं जेवण निघतं. दुपारचं एक जेवण मात्र त्या गावचं, तिथल्या लोकांत बसून खा. तिथे काटकसर करू नकोस.

बाबांना आज किंवा उद्याच फोन कर, परीक्षा संपायची वाट बघू नकोस. हे असंच राहिलं तर अभ्यासात तुझं लक्षही लागणार नाही. आणि फ्लॉरेन्सला पोचलीस की कास्चिनेच्या त्या टोकापर्यंत चालत जा. ट्राम उद्यानाच्या गावाकडच्या बाजूला सोडते, तिथून पाऊण तास तरी लागेल, नदीकाठाने सरळ. छत्री दिसली की बाबांना व्हिडिओ कॉल लाव. सप्टेंबरमध्ये साडेतीन तासांचा फरक असतो. तुझ्या दुपारी अडीचला लावलास तर कोल्हापुरात सहा वाजलेले असतील, दुकानात गिऱ्हाईक असेल कदाचित. बाबांना म्हण, जरा थांबवा त्यांना.

तुझी,
ताई